राखीव पायजमा

शाळेच्या सहलीचा फॉर्म दोन पानी होता, आणि एकोणिसावा रकाना सोडला तर भरायला अगदी सोपा होता. नाव, इयत्ता, रक्तगट, पोहता येते का, गाडी लागते का, हे सगळं कानसाहेबांनी झरझर भरलं. मग एकोणीस आला. 'पाल्याच्या रात्रीच्या सवयींबाबत शाळेला कळवण्याजोगे काही असल्यास.' पुढे तीन ओळी रिकाम्या सोडल्या होत्या. कानसाहेबांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं, आणि फॉर्म टेबलाच्या खणात टाकून ते उगीचच पंखा पुसायला उठले.

कानसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा खात्यात होते, आणि खात्यातही गळती शोधण्याच्या विभागात. पोलादी दांडीचं एक टोक रस्त्याला लावायचं, दुसरं कानाला, आणि जमिनीखाली कुठला नळ कुठे फुटलाय ते सांगायचं, हे त्यांचं काम. दोन पुरुष खोल गळती ते असे ओळखत की खोदणारे लोक कुदळ मारायच्या आधी त्यांच्याकडे बघत. हाताखालच्यांनी कानसाहेब म्हणायला सुरुवात केली, वरच्यांनी ते उचललं, आणि शेवटी पगारपत्रक सोडून सगळीकडे तेच नाव राहिलं. असा हा माणूस. आणि याच्याच घरात, याच्याच भिंतीपलीकडे, याची सात वर्षांची मुलगी आठवड्यातून पाच रात्री गादी ओली करत होती. सुताराच्या घरचा पाट मोडका म्हणतात, त्यातली गत.

मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी राहिलेली फारशी कोणी पाहिली नव्हती. सहल सहा आठवड्यांवर होती. टेकडीवर तंबूत एक रात्र मुक्काम. भिंगरीने कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल गोल केला होता, तंबूचं चित्र काढून दाराला चिकटवलं होतं, आणि आपण कडेलाच झोपणार म्हणजे फटीतून तारे दिसतील, असं दिवसातून चारदा जाहीर केलं होतं. पण ज्या दिवशी फॉर्म आला त्या दिवशी ती कानसाहेबांच्या खुर्चीमागे येऊन हळूच म्हणाली, "बाबा, तंबूत गादी कोणाची असते?"

"शाळेची."

"म्हणजे सगळ्यांना दिसते?"

भिंगरीने खुर्चीच्या पाठीवर दोन वेळा नख घासलं आणि म्हणाली, "मग मी नाही गेले तरी चालेल. तारे गच्चीवरूनपण दिसतात."

'नाही गेले तरी चालेल' हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. पुढे माणूस आयुष्यभर 'चालेल, चालेल' म्हणत घरी बसतो, हेही त्यांना माहीत होतं. कसं माहीत होतं, ते त्यांनी अजून बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. त्यांनी त्याच क्षणी ठरवलं की पोरगी सहलीला जाणार आणि कोरडी परत येणार.

भिंगरीची आई गेली कित्येक वर्षं गुपचूप चादरी धूत होती. ती म्हणाली, "डॉक्टरांकडे जाऊ या."

"जाऊ की. पण आधी नोंदी हव्यात," कानसाहेब म्हणाले. "नोंदींशिवाय डॉक्टर तरी काय सांगणार? हे तांत्रिक काम आहे. ते माझ्याकडे सोड."

इथेच सगळं बिनसलं. गळतीच्या धंद्यात एक नियम आहे. नळ ऐकायचा तो रात्री. दिवसा गाड्या, माणसं, मोटारपंप, सगळ्यांचा गोंगाट असतो, त्यात गळतीचा आवाज बुडून जातो. रात्री शहर झोपलं की जे वाहतं ते वाहू नये ते असतं. वीस वर्षं हा नियम पाळून कानसाहेबांचं डोकं असं घडलं होतं की दिवस नावाची वस्तू त्यांच्या हिशेबातच नव्हती. त्यांनी रात्रपाळीतून रजा घेतली आणि तक्ता आखला: रात्री नऊ, अकरा, एक, तीन, पाच. ओलं असेल तर निळा ठिपका, कोरडं असेल तर रिकामा गोल. संध्याकाळी साडेपाचला त्यांनी भिंगरीचा 'पुरवठा' बंद केला. साडेपाचनंतर पाणी नाही, दूध नाही, गुळणी केली तर ती थुंकताना मोठं माणूस हजर पाहिजे. अकराला आणि तीनला ते झोपलेल्या पोरीला उचलून संडासात नेऊन बसवत. ती बसल्या जागी घोरत असे. बाप समोर उभा राहून बारीक शीळ घाली. दहा मिनिटं काहीच घडत नसे. मग तिला परत नेऊन झोपवावं आणि पाच मिनिटांत निळा ठिपका भरावा, असा क्रम होता.

पहिल्या आठवड्यात सहा ठिपके झाले. म्हणजे आधीपेक्षा एक जास्त. कानसाहेबांनी पुरवठा साडेपाचऐवजी साडेचारला बंद केला.

आता गादीचं काय करायचं? ती वाळवायला गच्चीशिवाय जागा नव्हती. दिवस उजाडायच्या आत गादीची गुंडाळी डोक्यावर घेऊन ते चोरपावलांनी जिना चढू लागले. चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू दारात दुधाची पिशवी घ्यायला उभ्या होत्या. या काकूंकडे जगातल्या प्रत्येक अडचणीवर उपाय होता. अडचण नसली तर त्या ती आधी शोधून देत. त्यांची नात भिंगरीच्याच वर्गात होती, वर्गाची मॉनिटर होती, आणि काकूही तिला घरीदारी मॉनिटरच म्हणत.

"एवढ्या सकाळी गादी?" काकूंनी विचारलं.

कानसाहेबांची बोबडी वळली. पोरीची अब्रू वाचवायची एवढंच डोक्यात होतं. तोंडातून निघालं, "ढेकूण."

म्हणतात ना, चोर सोडून संन्याशाला फाशी. इथे सगळ्या इमारतीलाच फाशी झाली. दुपारपर्यंत सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली. एका घरात ढेकूण आढळल्याने सर्व सभासदांनी गाद्या, उशा व लाकडी सामान तपासणीसाठी तयार ठेवावे. घराचा नंबर दिला नव्हता, पण सेक्रेटरींनी नोटीस लावली ती नेमकी कानसाहेबांच्या टपालपेटीच्या वर. तळमजल्यावरच्या शिंप्याने त्यांच्याकडून उसवलेली पँट घेताना ती चिमट्याने धरली. लिफ्टमध्ये लोक त्यांच्यापासून जेवढं दूर उभं राहता येईल तेवढं राहू लागले. ज्याने आयुष्यात ऑफिसातली टाचणीसुद्धा घरी आणली नाही, त्या माणसाची ही किंमत! पण कानसाहेब गप्प बसले. ढेकूण तर ढेकूण. पोरीचं नाव तरी निघत नाही.

रविवारी औषध फवारणारा आला. त्याच्यामागे सेक्रेटरी, काकू, शिंपी आणि काही काम नसलेले तीन सभासद. त्याने कानसाहेबांची गादी उलटी केली, शिवणी चाचपल्या, बॅटरी मारली, मग खाली वाकून वास घेतला आणि भरदार आवाजात म्हणाला, "साहेब, ढेकूण कुठायत? लेकरू केवढं आहे घरात?"

बॅटरी विझली. कोणीतरी खोकलं. नशीब, भिंगरी तेव्हा आईबरोबर बाजारात गेली होती.

"अहो, मग असं सांगायचं ना!" काकू म्हणाल्या, आणि त्या घटकेपासून सल्ल्यांचा नळ जो फुटला तो कुठल्याच व्हॉल्व्हने बंद होईना. शिंपी म्हणाला, पोटावर जाड पट्टा बांधा. सेक्रेटरी म्हणाले, एकदा सणसणीत दम द्या, भीती बसली की बसलं सगळं. औषधवाला जाता जाता म्हणाला, पलंगाची पायाकडची बाजू दोन-दोन विटा लावून उचला. काकू म्हणाल्या, "शिस्त लागते हो. आमची मॉनिटर बघा. दीड वर्षाची असल्यापासून कोरडी. मी कधी लाडच केले नाहीत."

दम द्यायला कानसाहेबांचं मन होईना. पट्टा त्यांना कसाईपणाचा वाटला. पण विटा पटल्या. उताराचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. त्या रात्री त्यांनी पलंगाखाली विटा लावल्या. सकाळी भिंगरी उशीसकट भिंतीशी जाऊन गोळा होऊन झोपलेली होती, मान अवघडली होती, आणि उताराच्या नियमानुसार या वेळी उशीसुद्धा ओली होती.

त्याच दिवशी तिला कॅलेंडरच्या मागे टांगलेला तक्ता सापडला. ती बराच वेळ निळे ठिपके बोटाने मोजत उभी होती.

"बाबा, हे माझे मार्क आहेत?"

"नाही गं. ही नुसती नोंद आहे."

"मग यात चांगलं कुठलं, भरलेलं की रिकामं?"

कानसाहेबांनी तक्ता काढून घडी घालून खिशात ठेवला. भिंगरी म्हणाली, "मी मुद्दाम नाही करत," आणि आत जाऊन तिने दारावरचं तंबूचं चित्र काढून टाकलं. चिकटपट्टीचे चार तुकडे मात्र दाराला तसेच राहिले. कानसाहेबांना त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत असताना आत्याचा फोन आला. म्हणजे कानसाहेबांच्या थोरल्या बहिणीचा. बायकोने फोन स्पीकरवर टाकला होता, कारण ती कपड्यांच्या घड्या करत होती.

"काळजी कसली करता!" आत्या कडाडल्या. "बापावर गेलीय पोर. तो नाही का दहावं लागेपर्यंत रोज? आई गाद्या वाळवून वाळवून कंटाळली होती. त्याच्या वर्गाची सहल गेली तेव्हा तर..."

"ताई, तुझा आवाज कट होतोय," कानसाहेब ओरडले आणि त्यांनी फोन बंद केला.

भिंगरीच्या आईने हातातली चादर मांडीवर ठेवली. अकरा वर्षांच्या संसारात ही माहिती तिच्यापर्यंत आलेली नव्हती. आधी तिला हसू फुटलं, मग ते आवरेना, आणि मग एकाएकी ती चिडली.

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. त्या वयात काय वाटतं, ते तुमच्याइतकं या घरात कोणालाच माहीत नाही. आणि तुम्ही पोरीचा तक्ता करता?"

"मी तिला वाचवायला बघत होतो," कानसाहेब म्हणाले.

"कोणापासून? उद्या चारला डॉक्टरकडे जायचंय. मी नंबर लावलाय."

मुलांच्या डॉक्टरीणबाई वयाने तरुण होत्या आणि त्यांच्या टेबलावर वाघाचा शिक्का होता. कानसाहेबांनी चौदा रात्रींची आलेखासकट फाईल पुढे केली. बाईंनी ती शेवटपर्यंत पाहिली.

"छान आहे. आता मला सांगा, दिवसा ती किती वेळा शू करायला जाते?"

कानसाहेबांनी फाईल चाळली.

"शाळेत किती वेळा? शी रोज होते? कुंथावं लागतं? दिवसभरात पाणी किती पिते?"

"दिवसाची नोंद," कानसाहेब घसा साफ करत म्हणाले, "आमच्याकडे नसते."

बाईंनी मग त्यांना सोडलं आणि वाघाचा शिक्का भिंगरीच्या हातावर मारला. "तू सांग. शाळेत जातेस ना शूला?"

"नाही."

"कधीच नाही?"

"दाराला कडीच नाहीये," भिंगरी वाघाकडे बघत म्हणाली. "बाहेरून कोणीतरी दार धरावं लागतं. आणि धरणाऱ्या मुली मध्येच सोडून पळतात आणि हसतात. म्हणून मी पाणीच पीत नाही. शीपण दाबून ठेवते. घरी आल्यावर मग येतच नाही."

भिंगरीच्या आईने कानसाहेबांकडे पाहिलं. कानसाहेबांनी जमिनीकडे पाहिलं. सकाळी आठपासून तीनपर्यंत, दोन वर्षं, रोज. आणि दोन पुरुष खोल ऐकू येणारा माणूस शेजारच्या खुर्चीत बसलेला होता.

बाईंनी भिंगरीचं पोट तपासलं आणि समजावून सांगितलं. शी साचून राहिली की आतून लघवीच्या पिशवीवर दाब पडतो. दिवसभर दाबून धरणाऱ्या पिशवीचं तंत्र बिघडतं. त्यात पोरगी गाढ झोपणारी, पिशवी भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. सात वर्षांच्या मुलांत हे पुष्कळ असतं. संध्याकाळी पाणी तोडून काही साधत नाही. उलट सकाळपासून भरपूर प्यायचं, फक्त झोपण्याआधी थोडं कमी. दर दोन-अडीच तासांनी शूला जायचं, घाई नसली तरी. पोट साफ व्हायला औषध, आणि संडासात पाय टेकायला छोटा पाट. दम द्यायचा नाही, विटा लावायच्या नाहीत, आणि ओल्या रात्रींचा तक्ता लावायचा नाही.

"घरात लहानपणी कोणाला होतं का?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

भिंगरीची आई छताकडे बघू लागली.

"होतं," कानसाहेब म्हणाले. "एका जवळच्या नातेवाइकाला."

बाईंनी मान वर न करता कागदावर लिहिलं: वडील.

"यात तिची काही चूक नाही," त्या म्हणाल्या. "तुमचीही नाही. थोडी त्या कडीची आहे. ती तेवढी बसवून घ्या."

तेवढी! कानसाहेब दुसऱ्या दिवशी शाळेच्या कारकुनासमोर उभे राहिले. कारकुनाने जाड रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि सांगितलं की कागदावर कडी आहे.

"पण दारावर नाही."

"मग ती हरवली. हरवलेल्या वस्तूचा अर्ज वेगळा. शिवाय कडी सुतारकामात येते आणि ते दार स्वच्छता विभागात. दोघांची एकत्र पाहणी लागेल. पाहणी वार्षिक असते. अजून दोन महिने आहेत."

कानसाहेबांना राग आला नाही. त्यांना गहिवरून आलं. गेली वीस वर्षं ते स्वतः लोकांना हेच सांगत आले होते: रस्ता बांधकाम खात्याचा, नळ आमचा, खड्डा कोणाचा ते आधी ठरू द्या. पेरावं तसं उगवतं. त्यांनी कारकुनाला नमस्कार केला आणि सरळ हार्डवेअरच्या दुकानात गेले.

शनिवारी शाळा अर्धी सुटली. वर्ग रिकामे झाले, शिपाई जेवायला घरी गेला, आणि कानसाहेब पिशवीत कडी, स्क्रू, कानस आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन मुलींच्या संडासापाशी आले. असल्या जागी पुरुषाने पाऊल टाकायचं म्हणजे केवढी जोखीम! म्हणून त्यांनी भिंगरीला बाहेर पहाऱ्यावर उभं केलं आणि पिशवीही तिच्याकडेच दिली. काम सुबक झालं. शेवटचा स्क्रू पिळून त्यांनी स्क्रूड्रायव्हरही बाहेर भिंगरीकडे दिला, आणि खात्याच्या शिस्तीप्रमाणे चाचणी घ्यायला आतून कडी लावली.

ती लागली. आणि मग निघेना.

त्यांनी ओढली, ढकलली, ठोकली. दार जुनं, वर्षानुवर्षं पाणी पिऊन फुगलेलं, चौकटीत घट्ट बसलं होतं आणि त्याने कडीला पार दाबून धरलं होतं.

"बाबा, तू अडकलास?"

"नाही. चाचणी चालू आहे."

बराच वेळ गेला.

"चाचणी संपली?"

"भिंगरे, तो स्क्रूड्रायव्हर दाराखालून आत सरकव बरं."

खाली खडखडाट झाला. "जात नाहीये. फट बारीक आहे. मूठ अडकतेय."

कानसाहेब उलट्या घातलेल्या बादलीवर बसले. शिपाई आला तर? मोठ्या बाई आल्या तर? 'मुलींच्या संडासात सरकारी नोकर' अशी बातमी सोसायटीच्या फळ्यावर लागलेली त्यांना दिसू लागली. ढेकणांच्या शेजारी.

"घाबरू नकोस हं," बाहेरून भिंगरी म्हणाली. "मी दार सोडून जाणार नाही."

का कोण जाणे, ते ऐकून कानसाहेबांना भरून आलं. समोर दार होतं, पलीकडे पोरगी, दोघांची तोंडं एकमेकांना दिसत नव्हती, त्यामुळे सोपं गेलं असेल.

"भिंगरे, एक सांगू? मीपण करायचो."

"काय?"

"रात्री. गादी ओली. दहा वर्षांचा होईपर्यंत."

बाहेर हिशेब चालू होता. "दहा? म्हणजे माझ्यापेक्षा तीन जास्त?"

"हो. आणि आमच्या वर्गाची सहल होती. मुक्कामाची. मी गेलो नाही. ताप आलाय म्हणून सांगितलं."

"खरंच आला होता?"

"नव्हता."

"मग तू दिवसभर काय केलंस?"

"बस आमच्या घरावरून गेली. ती खिडकीतून बघितली. मग काही केलं नाही." त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा हे सांगायला जड गेलं. "मला कोणी सांगितलंच नाही की असं पुष्कळांचं होतं. मला वाटायचं, जगात मी एकटाच."

मग दारावर खालच्या बाजूला, तिच्या उंचीला, दोन टिचक्या वाजल्या.

"बाबा, मी जाते सहलीला. ओली झाली तर झाली. तू कुठे वाईट झालास?"

कानसाहेब आत बादलीवर बसून डोळे पुसत होते, तेवढ्यात पलीकडून ओळखीचा आवाज आला. "आत कोण आहे? पुरुषाचा आवाज?" वरच्या काकू मॉनिटरला गाण्याच्या वर्गातून न्यायला आल्या होत्या.

"माझे बाबा आहेत," भिंगरीने ठणकावून सांगितलं. "कडी बसवतायत. म्हणजे बसली. आता उघडत नाहीये."

कानसाहेबांनी डोळे मिटून घेतले. पण काकूंनी आरडाओरडा केला नाही. त्या म्हणाल्या, "दार दोन्ही हातांनी वर उचला. उचललंत? मी बाहेरून ढकलते. आता कडी ओढा." कडी सुटली. काकूंच्या उभ्या आयुष्यातला हा पहिला सल्ला असावा, जो लागू पडला. घामाने निथळलेले कानसाहेब बाहेर आले. मग त्यांनी दाराची कड कानशीने घासली आणि भिंगरीने कडी सात वेळा लावून-उघडून पाहिली. मॉनिटर लांब उभी राहून त्या कडीकडे बघत होती.

"हिने कधी सांगितलं नाही हो कडीचं," काकू नातीला जवळ घेत म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी दुसरा सल्ला दिला नाही.

पुढचे तीन आठवडे भिंगरी पाण्याची बाटली रिकामी करून आणू लागली. पोट साफ होऊ लागलं. पाच रात्रींच्या तीन झाल्या, मग दोन, मग एखाद्या आठवड्यात एक. मोजायचं नाही असं ठरलं होतं, त्यामुळे कानसाहेब फक्त मनात मोजत. सहलीची रात्र कोरडी जाईल याची हमी कोणीच देईना, डॉक्टरीणबाईसुद्धा नाही. शेवटी त्यांनी खणातून फॉर्म काढला आणि भिंगरीला विचारून एकोणिसावा रकाना खरा खरा भरला. भिंगरीच्या आईने पिशवीत तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, एक राखीव पायजमा ठेवला. पिवळा, हत्तींचा. वर्गशिक्षिका फॉर्म वाचून म्हणाल्या, "बरं केलंत. मी झोपण्याआधी तिला नेईन आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठवीन. दर वर्षी तिघा-चौघांनी हा रकाना भरलेला असतो. आणि भरायला हवा होता, असे आणखी तिघे-चौघे असतात."

सहलीची बस गेली. कानसाहेबांनी ती घरातून पाहिली नाही, शाळेच्या फाटकात उभं राहून पाहिली आणि हात दुखेपर्यंत हलवला. पण त्या रात्री कामावर त्यांना एकही गळती ऐकू आली नाही. दांडीला कान लावला की तंबूच दिसे. हाताखालच्या माणसाने दोनदा विचारलं, "कानसाहेब, बरं आहे ना?" आणि दोन्ही वेळा चुकीच्या जागी खड्डा पडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंगरी परत आली. धुळीने माखलेली, आवाज बसलेली, बोलायचं थांबत नव्हती. तारे दिसले, सरडा दिसला, एकाची चप्पल दरीत पडली. कानसाहेब 'हो का, हो का' करत पिशवी उपसत होते. रात्रीचा पायजमा निघाला, कोरडा. त्यांचा जीव भांड्यात पडला. मग प्लॅस्टिकची पिशवी निघाली, रिकामी. जीव पुन्हा बाहेर आला.

"हत्तींचा पायजमा कुठंय?" त्यांनी होईल तेवढ्या सहज विचारलं.

"दिला."

"कोणाला?"

"नाव नाही सांगणार. शब्द दिलाय." भिंगरी बूट काढत होती. "पहाटे बाईंनी मला उठवलं ना, तेव्हा ती जागीच होती. पांघरुणात रडत होती. तिच्याकडे दुसरा नव्हता. मी म्हटलं, हा घे, मला नाही लागला. आणि मग मी तिला तुझी गोष्ट सांगितली."

"कुठली गोष्ट?"

"दहा वर्षांची. ताप नव्हता ती. तिला खूप बरं वाटलं. ती म्हणाली, मग आता तुझे बाबा कसे आहेत? मी म्हटलं, आता चांगले आहेत."

तीस वर्षं जपलेली अब्रू टेकडीवर एका तंबूत वाटली गेली होती. कानसाहेबांनी स्वतःला चाचपून पाहिलं. कुठे दुखत नव्हतं.

दोन दिवसांनी दाराची बेल वाजली. वरच्या काकू उभ्या होत्या, हातात कापडी पिशवी. पिशवीत हत्तींचा पायजमा होता, धुतलेला आणि कडक इस्त्री केलेला. काकूंचं तोंड उतरलेलं होतं. रात्री त्या झोपल्या नसाव्यात. जिन्यात त्यांच्यामागे, कठड्याला धरून, मॉनिटर उभी होती आणि श्वास रोखून कानसाहेबांकडे बघत होती. इकडे घरात, दाराच्या मागे, भिंगरीनेही श्वास रोखला होता.

"तुमच्या गॅलरीतून उडून आमच्याकडे आला वाटतं," काकू म्हणाल्या.

काकू वर राहत होत्या आणि कानसाहेब खाली. दोन पुरुष खोल गळती ओळखणाऱ्या माणसाने वर पाहिलं, खाली पाहिलं, जिन्यातल्या पोरीकडे मात्र पाहिलं नाही.

"असेल, असेल," ते म्हणाले. "परवा वारा फार होता." त्यांनी पायजमा काढून घेतला, आत जाऊन पिशवीत डॉक्टरीणबाईंचं कार्ड टाकलं, आणि पिशवी काकूंच्या हातात परत दिली.